पूल आणि पैज: खेळ सुधारतो म्हणतात, त्यात तथ्य किती?

निळा चॉक

पूल म्हणजे क्यू नावाच्या काठीने पांढऱ्या बॉलला मारून नंबरचे बॉल पॉकेटात टाकायचा खेळ. त्याच्या टेबलाभोवती दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "पैसे लावल्याशिवाय हात तयार होत नाही" आणि "पैशानेच या खेळाचं वाटोळं केलं". बऱ्याचदा दोन्ही एकाच तोंडून येतात, मधे फक्त एक हरलेली रात्र असते.

गाडी रुळावरून घसरू नये म्हणून आधीच फोड करून ठेवतो. खेळाडू स्वतःच्या खिशातले पैसे स्वतःच्या जिंकण्यावर लावतो, ही एक गोष्ट. त्याच्या मागे बॅकर उभा राहतो आणि हरले तर बॅकरचे जातात, ही दुसरी. बाकावर बसलेले किंवा टेबलापासून हजार मैलांवरचे लोक सामन्यावर सट्टा लावतात, ही तिसरी. आपण तिन्हीला "जुगार" म्हणून मोकळे होतो आणि मग वाद संपत नाही.

माझं मत: पहिल्याने खेळ सुधारू शकतो, दुसऱ्याने क्वचित, तिसऱ्याने कधीच नाही. खोडून काढा. एकच विनंती, "मी एकदा एकाला असा धुतला" छापाचे किस्से नकोत. खेळाबद्दल बोला.

कुशनवाला

पहिल्याबद्दल सहमत, पण "सुधारतो" म्हणजे नेमकं काय होतं ते बघायला हवं. पैशाने कुणाला नवा शॉट येत नाही. मुळात असलेला दोष उघडा पडतो, इतकंच.

सरळ शॉट घ्या. ८ नंबरचा बॉल साइड पॉकेटजवळ, पांढरा दीड हातावर, पुढच्या ९ साठी पांढरा थोडा मागे ओढायचा आहे. सरावात दहापैकी नऊ वेळा जाईल. पैसे लागले की पहिला बदल मागच्या हातात होतो. क्यू मागे नेताना मूठ सैल असते, पुढे येताना शेवटच्या क्षणी आवळली जाते. मूठ आवळली की क्यूचं मागचं टोक खाली दाबलं जातं आणि टीप, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं. खाली मारायचा पांढरा मध्यावर लागतो. ८ जातो, पण पांढरा मागे यायच्या ऐवजी जागेवर थांबतो किंवा दोन बोटं पुढे सरकतो. आता ९ चा कट पातळ झाला, म्हणजे ९ ला अगदी कडेलाच मारावं लागतं. बघणारे म्हणतात "९ चुकला". चूक ८ वरच झालेली असते.

दुसरा बदल वेगाचा. अंगात जोर चढलेला असतो, त्यामुळे मध्यम वेगाचे शॉट अर्धा-पाऊण फूट लांब जातात. हळू ढकलायचे शॉट मात्र उलटे, अपुरे पडतात, कारण पोहोचायच्या आधीच हात ब्रेक लावतो. एकाच माणसाचा पांढरा एका रॅकमध्ये, म्हणजे एका डावात, लांबही जातो आणि कमीही पडतो. तिसरा बदल डोळ्यांचा: टीप लागायच्या आधीच नजर पॉकेटकडे उचलली जाते.

हे सगळं फुकटच्या खेळात दिसत नाही. दिसल्याशिवाय दुरुस्त होत नाही. पैजेचा फायदा मला एवढाच दिसतो.

तिरपागडे

दिसण्यासाठी पैसेच कशाला हवेत? घोस्ट, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, खेळा. ९-बॉल (टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी मारायचं, ९ टाकेल त्याचा रॅक) मांडायचा, ब्रेक, म्हणजे बॉलांचा गठ्ठा फोडणारा पहिला शॉट, मारायचा, मग पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा आणि १ ते ९ क्रमाने काढायचे. एक चुकला की रॅक घोस्टचा. ७ ची रेस, म्हणजे आधी ७ रॅक घेईल तो जिंकला. ९ जमत नसेल तर ५ बॉलवर करा. घोस्ट चुकत नाही, चहा प्यायला जात नाही, कटकट करत नाही. ६-६ झाल्यावर शेवटच्या बॉलवर मूठ आवळते की नाही ते बघा. आवळते.

आठनंबरी

घोस्ट सेफ्टी पण खेळत नाही, म्हणजे आपल्याला अडवायला पांढरा लपवत नाही, राव. तिथेच तर खरी गोम आहे. घोस्टविरुद्ध कायम आक्रमण करायचं असतं, कारण चुकला तर गेलाच. माणसाविरुद्ध दर तिसऱ्या शॉटला प्रश्न पडतो: मारू की लपवू? पैसे लागले की माणूस हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवायला लागतो. फुकटच्या खेळात लोक ३० टक्के शक्यतेची बँक, म्हणजे टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटून टाकायचा शॉट, मारतात, कारण गेली तर टाळ्या. पैशावर तोच माणूस २ नंबर कुशनला चिकटवून पांढरा ५ च्या मागे ठेवतो.

निळा चॉक

हा मुद्दा पटला. वन-पॉकेट हा अख्खा खेळच याचं उदाहरण. १५ बॉल, दोघांना फूट रेलकडचा (रॅक लावतात त्या टोकाचा) एकेक कोपरा वाटून दिलेला, आपल्या कोपऱ्यात कुठलेही ८ बॉल आधी टाकेल तो जिंकला. ऐकायला सोपं, पण चांगल्या दोघांत एकेक रॅक अर्धा-पाऊण तास चालतो आणि त्यातला बहुतेक वेळ पांढरा कुठे लपवायचा यात जातो. स्पर्धांपेक्षा पैजेच्या टेबलांवर तो जास्त वाढला. सूट द्यायलाही सोयीचा: "तू ७ टाक, मी ९ टाकतो" म्हटलं की तराजू जुळतो.

मितभाषी

विली मॉस्कोनी, अमेरिकेचा पूल खेळाडू. १९४१ ते १९५७ दरम्यान १५ वेळा विश्वविजेता. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल. पैजेवर खेळून कमावणारा, म्हणजे हसलर, म्हणून नाव मिरवणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. पैज लागते म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगा.

कुशनवाला

मॉस्कोनीचा खेळ स्ट्रेट पूल होता, १४.१. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटात, सांगून टाकायचा. तिथे हात लागला की समोरचा तासभर खुर्चीत. सलग बॉल काढण्याचे आजचे विक्रम तर समोर कुणी बसलेलं नसतानाच होतात. जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४ काढले, तेही असेच. तो वेगळा गुण आहे. मी म्हणत होतो ते देवाणघेवाणीच्या खेळाबद्दल.

आणि दुसऱ्या बाजूला एफ्रेन रेयेस आहेच. फिलिपिन्समध्ये पैशाच्या खेळांतच घडलेला. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सीझर मोरालेस या नावाने खेळला, कारण खरं नाव कळलं असतं तर समोर कुणी उभं राहिलं नसतं. पुढे १९९९ मध्ये ९-बॉलचा विश्वविजेता. त्याच्या किक शॉटची, म्हणजे कुशनवरून फिरवून लपलेला बॉल गाठण्याची, बरोबरी करणारे थोडे.

तिरपागडे

हाच तो जुना घोटाळा. पैशाच्या टेबलांवरून एक रेयेस वर आला म्हणून ते टेबल म्हणजे शाळा ठरत नाही. त्याच टेबलांवर क्यू गहाण टाकून गेलेले शंभर कुणी मोजले? वर आलेले दिसतात, बुडालेले दिसत नाहीत. विहिरीतून पोहत बाहेर आलेल्याला विचारून पोहण्याची शिकवणी ठरवायची का?

आणि नाव बदलून खेळावं लागलं, हाच माझा मुद्दा आहे. ज्या व्यवस्थेत चांगलं खेळतो हे लपवावं लागतं, ती खेळाला पुढे कशी नेणार?

गणितोबा

भावनिक चाललंय, थोडे आकडे टाकतो. पैजेत कोण जिंकणार हे निम्मं टेबलावर आणि निम्मं अटी ठरवताना ठरतं. हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

फार्गो रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मोजणाऱ्या पद्धतीची, रचना अशी आहे की १०० गुणांचा फरक म्हणजे रॅक २:१ ने वाटले जाणार. म्हणजे वरचा दर तीनात दोन रॅक घेतो. आता ७ ची रेस लावा, सूट काहीच नाही. खालचा जिंकायची शक्यता फक्त १०.४ टक्के. "तीनात एक रॅक तर माझाच असतो" म्हणून बरोबरीने बसणारा दहात नऊ वेळा पैसे देऊन उठतो.

आता सूट द्या. खालच्याला २ रॅक आधीच दिले (२-० पासून सुरुवात) तर त्याची शक्यता २९ टक्के. ३ दिले तर ४४. ४ दिले तर ६२. म्हणजे १०० गुणांच्या फरकाला ७ च्या रेसमध्ये न्याय्य सूट ३ आणि ४ च्या मधे कुठेतरी पडते. ३ वर खेळ बघण्यासारखा होतो. व्यवहारात वरचा २ देतो आणि वर "एवढे देतोय बघ" म्हणून उपकारही करतो.

आठनंबरी

२ वर २९ च? मला ४० च्या आसपास वाटत होतं.

गणितोबा

वाटतंच तसं. त्या वाटण्यावरच पैज चालते.

याच्यापेक्षा घातक म्हणजे "दहा अहेड". एकूण किती रॅक खेळायचे ते ठरलेलं नाही, जो आधी १० ने पुढे जाईल तो जिंकला. समजा फरक फक्त ५० गुणांचा आहे, रॅक १.४१ : १ ने वाटले जातात, म्हणजे वरच्याचे शेकड्यात ५८-५९. दोघांनाही वाटतं, आपण जवळपास सारखे. ७ च्या रेसमध्ये खालच्याला २६ टक्के संधी आहे. तीच जोडी दहा अहेडला बसली तर संधी ३ टक्के. बारीक फरक लांब फॉर्मॅटमध्ये चाळणीतून गाळून बाहेर येतो. शिवाय वेळ: या जोडीला सरासरी ५५ रॅक लागतील. अगदी बरोबरीची जोडी असेल तर सरासरी १००. रॅकला १० मिनिटं धरली तरी सोळा-सतरा तास. त्यातल्या शेवटच्या सहा तासांत जे चालतं त्याला मी पूल म्हणणार नाही. तिथे जास्त वेळ जागा राहील तो जिंकतो.

कुशनवाला

गणितोबा, जबरदस्त. एक भर. रॅकची सूट मोजता येते, बॉलची सूट मोजता येत नाही आणि फसवणूक तिथे जास्त होते.

९-बॉलमध्ये "तुला ७ दिला" म्हणजे खालच्याने ७ टाकला तरी त्याचा रॅक. त्यातही "वाइल्ड" की "कॉल" हे आधी बोलून घ्यायला हवं. वाइल्ड म्हणजे नियमाने खेळताना ७ कुठेही, कसाही गेला तरी चालतो, चुकून गेला तरी. कॉल म्हणजे आधी सांगून त्याच पॉकेटात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक पहिल्यांदा आठवतो तो ७ फ्लूकने गेल्यानंतर.

शिवाय ७ कुणाला उपयोगी पडतो? समोरचा ब्रेक मारून सगळे काढून जाणारा असेल तर तुमचा ७ टेबलावर नुसता शोभेला. अशा माणसाकडून बॉल न मागता ब्रेक मागावा, म्हणजे प्रत्येक रॅकला ब्रेक तुमचा. मग तो सलग चार रॅक खुर्चीत बसवू शकत नाही. याउलट वरचा खेळाडू सावध, लपवाछपवीने खेळणारा असेल तर ७ सोन्यासारखा, कारण शेवटच्या तीन बॉलवर त्याला तुम्हाला ७ पासूनही अडवावं लागतं आणि ९ पासूनही.

टेबलही बघा. ९ फुटी टेबलावर खेळाचं क्षेत्र १०० बाय ५० इंच. ७ फुटी टेबलावर शॉट छोटे, त्यामुळे लांबून बॉल टाकण्यातला फरक पुसला जातो आणि खालचा वर येतो. नाणं टाकून खेळायच्या जुन्या टेबलांवर पांढरा इतर बॉलांपेक्षा मोठा किंवा जड असतो. तो पुढे छान जातो पण मागे येत नाही. ज्याचा सगळा खेळ मागे ओढण्यावर आहे त्याला तिथे बसवलं की त्याचे वीस टक्के गेलेच.

नवखा नवनाथ

वाचतोय, भरपूर शिकायला मिळतंय. एक बावळट प्रश्न: हे सगळं इतकं काटेकोर ठरवून खेळतात, तर मग यात वाईट काय? दोन मोठी माणसं, अटी मान्य.

तिरपागडे

बावळट नाही, बरोबर प्रश्न आहे. अटी ठरवताना दोघांपैकी एक खोटं बोलत असतो, तिथून वाईट सुरू होतं. सूट ठरते ती दिसलेल्या खेळावर. म्हणून चांगली सूट हवी असेल तर वाईट खेळताना दिसायला हवं.

यातला बिचारा प्रकार म्हणजे मुद्दाम बॉल चुकवणारा. नीट निशाणा धरतो आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवतो. महिनोन्महिने हे केलं की मनगट तेच शिकतं. पुढे खऱ्या सामन्यात वळू नको म्हटलं तरी वळतं. मुरलेले हात बॉल कधीच चुकवत नाहीत, ते पोझिशन चुकवतात. ७ टाकतात, पण पांढरा ८ च्या चुकीच्या बाजूला सहा इंच नेऊन ठेवतात. मग "अरेरे" करून लांबची बँक मारतात, ती जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, शॉट अवघड होता, प्रयत्न चांगला केला. सामना सोडून देणारेही हेच करतात. ओळखायचं असेल तर चुकलेला शॉट बघू नका, त्याच्या आधीचा बघा. ज्याचा पांढरा पहिले पाच बॉल हातभर जागेत नाचतो, त्याचा नेमका ८ वर आल्यावरच सहा इंच कसा भरकटतो?

लीगमध्ये हीच कीड हँडिकॅपला, म्हणजे खेळाडूला ताकदीनुसार लावलेल्या पातळीला, लागते. म्हणून काही हँडिकॅप लीगमध्ये स्कोअर लिहिणाऱ्याने डिफेन्सिव्ह शॉट वेगळे नोंदवायचे असतात. जाणूनबुजून न टाकलेला शॉट डिफेन्स म्हणून लिहिला की इनिंग (टेबलावर यायच्या पाळ्या) उगाच वाढलेल्या दिसत नाहीत आणि खालचा हँडिकॅप मिळत नाही. पण लिहिणारा त्याच संघाचा असेल तर आनंद आहे.

मितभाषी

बॅकर राहिला.

निळा चॉक

हो, घेतो. बॅकरचा करार साधारण असा: पैसे बॅकरचे, हरले तर सगळे त्याचे गेले, जिंकले तर ठरलेल्या प्रमाणात वाटणी, बहुतेक निम्मे-निम्मे. कधी मागचं नुकसान "मेकअप" म्हणून पुढे ओढलं जातं. म्हणजे पुढच्या जिंकण्यातून आधी बॅकरची तूट भरायची, मग वाटणी.

दोष कागदावरच दिसतो. खेळाडूला हरण्याची झळ शून्य, म्हणून कुशनवाला म्हणतात तो पहिला फायदा (दडपण, शिस्त) गळून पडला. आणि मेकअप फार चढला की पुढचे चार विजयही त्याच्या खिशात काही टाकत नाहीत. अशा खेळाडूला समोरच्याने हळूच येऊन "हर, निम्मे तुला" म्हटलं तर? बॅकरने आपल्याच हाताने आपल्याच माणसाला हरायचं कारण दिलेलं असतं.

उपाय आहे, तो लोक करत नाहीत. खेळाडूचा स्वतःचा थोडा तरी भाग असावा, चौथा हिस्सा का होईना. मेकअपला कमाल मर्यादा असावी. पैसे दोन्ही बाजूंनी खेळाआधी काढून तिसऱ्या माणसाकडे ठेवावेत. खिशात दमडी नसताना बसणाऱ्यामुळे जेवढी भांडणं होतात तेवढी फाउलवरूनही होत नाहीत.

गणितोबा

याच जातीचं एक प्रकरण स्पर्धांमध्ये उघड चालतं: कलकत्ता. नाव शहराचं असलं तरी प्रकार लिलावाचा आहे. स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूची बोली लागते, जमलेली रक्कम त्या खेळाडूंच्या "मालकांत" निकालाप्रमाणे वाटली जाते. समजा पहिलं बक्षीस १,००० आहे आणि लिलावात ५,००० जमले, त्यातले निम्मे, म्हणजे २,५००, विजेत्याच्या मालकाला. ज्या खेळाडूने स्वतःचा काहीच भाग घेतला नाही त्याला जिंकून १,००० मिळतात. समोरच्याच्या मालकाने त्याला १,२०० देऊ केले तर? मालकाला तरीही १,३०० उरतात.

म्हणून "खेळाडूला स्वतःचा निम्मा भाग बोलीच्या निम्म्या किमतीत घेता येईल" हा नियम हवा, आणि घेणार की नाही हे लिलाव बंद होण्याआधी जाहीर व्हायला हवं. लिलावाची रक्कम बक्षिसाच्या कितीतरी पट व्हायला लागली की स्पर्धा नावालाच उरते.

आणि सेव्हर. अंतिम फेरीत पोहोचलेले दोघे बाहेर जाऊन बक्षिसांतला काही भाग आपसांत वाटून घ्यायचं ठरवतात, मग येऊन "फायनल" खेळतात. बेकायदा म्हणता येईलच असं नाही. पण त्या फायनलमध्ये सेफ्टी कमी आणि बँक शॉट जास्त का दिसतात याचं उत्तर तिथे आहे.

आठनंबरी

एवढं सगळं मान्य करूनही म्हणतो, पैजेने या खेळाला माणसं दिली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीला १९६१ पासून हसलर मंडळींचा मेळा भरायचा, जान्स्को बंधूंनी सुरू केलेला. वन-पॉकेट, ९-बॉल, स्ट्रेट पूल, तिन्हींचे विजेते. ज्यांना सुटाबुटातल्या स्पर्धा दारात उभं करत नव्हत्या, ते तिथे टीव्हीवर दिसले.

मितभाषी

१९७२ ला धाड पडून बंद झाला तो. जुगारावरूनच.

आठनंबरी

बरं, ते आहेच.

पण १९७८ चा सामना घ्या. मिनेसोटा फॅट्स म्हणवून घेणारा रुडॉल्फ वाँडरोन विरुद्ध मॉस्कोनी, टीव्हीवर. जिंकला मॉस्कोनी. पण लोक बसले होते कुणाची बडबड ऐकायला? हसलर नसता तर तो सामना कुणी दाखवला असता?

तिरपागडे

म्हणजे पैजेने खेळाला वाचाळ दिला आणि सामना सभ्य माणसाने जिंकला. हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे की माझ्या?

कुशनवाला

१९९६ चा हाँगकाँगचा सामनाही लोक "सगळ्यात मोठी पैज" म्हणून सांगतात. रेयेस विरुद्ध अर्ल स्ट्रिकलंड, १२० ची रेस, तीन दिवस, १,००,००० डॉलर, सगळे जिंकणाऱ्याला. रेयेस १२०-११७. पण ते बक्षीस होतं. दोघांनी घरून आणलेले पैसे टेबलावर ठेवले नव्हते. दडपण होतं, लांबी होती, सगळं किंवा काहीच नाही असं होतं, आणि तरी कुणाला खेळ लपवायची गरज नव्हती, कारण सूट नव्हतीच. माझ्या मते पैजेत जे चांगलं आहे ते सगळं त्या सामन्यात होतं, आणि त्याला पैज लागली नाही. (हे लिहिताना लक्षात आलं की मी तिरपागडेंच्या बाजूला सरकतोय. असो.)

निळा चॉक

मग तिसरा प्रकार, बाहेरचा सट्टा. इथे स्नूकरकडे बघावं लागतं. स्टीफन ली, सामने फिक्स केल्याबद्दल २०१३ मध्ये १२ वर्षांची बंदी. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर एकदम कारवाई, त्यात लियांग वेनबो आणि ली हांग यांना आजन्म बंदी. त्यातलंच झाओ शिनतोंगचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्यावर स्वतः फ्रेम (स्नूकरचा एक डाव) सोडल्याचा ठपका नव्हता. दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये सहभाग आणि सामन्यांवर सट्टा, यासाठी २० महिने बाहेर. परत येऊन २०२५ मध्ये तो विश्वविजेता झाला. एवढ्या ताकदीचा खेळाडूही त्यात ओढला गेला होता.

पहिल्या प्रकारात माझं हरणं मला महाग पडतं. तिसऱ्यात माझं हरणं कुणासाठी तरी विकत घेण्याजोगा माल होतो, आणि पूर्ण सामना हरायचीही गरज नाही, एक फ्रेम पुरते. म्हणून तिथे "थोडासा" असं काही नसतं.

नवखा नवनाथ

मग नवशिक्याने काय करावं? पैसे लावावेत की नाही, सरळ सांगा.

तिरपागडे

नाही.

कुशनवाला

टेबलाचं भाडं हरणाऱ्याने द्यायचं, एवढ्यावर खेळा. त्याहून जास्त नको. कारण सांगतो: रक्कम बोचायला हवी, पण शॉट निवडताना डोक्यात यायला नको. "हा गेला तर अमुक गेले" असं मनात आलं की रक्कम मोठी आहे, मग ती कितीही लहान असो. दुसरं, रेस ठरवून बसा, अहेड नको, आणि "अजून एक" नको. हरल्यावर रक्कम दुप्पट करून परत बसणारा पुढच्या तासात सगळ्यात वाईट खेळतो, कारण मूठ आधीच आवळलेली असते. तिसरं, रेस झाल्यावर समोरच्याला विचारा: कुठला सेफ्टी चुकला? पैशावर खेळणारे शिकवत नाहीत म्हणतात. रेस संपल्यावर पुष्कळ जण सांगतात. आधी मात्र नाही.

आठनंबरी

आणि रॅक, म्हणजे ब्रेकआधीची बॉलांची मांडणी, कोण लावणार ते आधी ठरवा. गंभीरपणे सांगतोय. समोरचा लावत असेल तर १ आणि त्यामागचे दोन बॉल एकमेकांना टेकलेत का ते बघा. समोरून वाकून बघू नका, बाजूने आणि वरून बघा, मधे कापड दिसता कामा नये. मागच्या ओळीत केसभर फट ठेवली तरी ब्रेकचा जोर तिथेच मरतो आणि बॉल फुटायच्या ऐवजी गोळा होतात. स्वतः लावणारा असेल तर उलटं बघा: तीनच्या ओळीतला कडेचा विंग बॉल. रॅक घट्ट असेल आणि बाजूने कट ब्रेक मारला तर तो दर वेळी कोपऱ्यात जातो, आणि समोरचा खुर्चीतून उठतच नाही.

गणितोबा

बॉल मांडायचा प्लास्टिकचा पातळ टेंप्लेट रॅक वापरला की पहिली अडचण जाते आणि दुसरी वाढते, कारण रॅक कायमच घट्ट. म्हणून मोठ्या स्पर्धांत १ ऐवजी ९ नंबर स्पॉटवर (रॅकसाठी टेबलावर केलेल्या खुणेवर) ठेवायला लागले. सगळा रॅक ब्रेककडे सरकतो आणि विंग बॉलचा कोन कोपऱ्यापासून ढळतो. टेबलाच्या भाड्यावर खेळतानाही हेच करा, फुकट आहे.

नवखा नवनाथ

९ स्पॉटवर, आळीपाळीने ब्रेक, ७ ची रेस, भाडं हरणाऱ्याचं. लिहून घेतलं. समोरच्याचं रेटिंग १०० ने जास्त असेल तर ३ मागू की ४?

गणितोबा

४ मागा. तो ३ वर येईल.